मधल्या घडीचं पान

पुस्तक बांधणारा माणूस पुस्तक वाचत नसतो. लोकांना हे खरं वाटत नाही. उभा जन्म पुस्तकांत काढला म्हणजे याने केवढं वाचलं असेल, असं ते म्हणतात, आणि मीही पुष्कळ वर्षं त्यांना तसं समजू दिलं. खरी गोष्ट अशी की आम्ही फक्त पानाचा आकडा पाहतो. आठच्या पुढे नऊ आला, सोळाच्या पुढे सतरा आला, की आमचं काम झालं. मी कायद्याची पुस्तकं बांधली, उर्दू बांधली, डॉक्टर लोकांची बांधली. त्यांच्यात काय होतं ते मला विचारू नका. कोणत्या पुस्तकाचा कागद कसा होता, ते मात्र आजही सांगतो.

मी दुसरी नापास. यात लपवायचं काही नाही. नातसून म्हणाली, आबा, तुम्ही सांगा, मी चांगल्या भाषेत लिहून देते. तिला म्हटलं, तू पानांवर आकडे टाक, मजकुराला हात लावू नको. तेव्हा यात जे वाकडंतिकडं आहे ते माझं आहे.

आमच्या नागपुरात पुस्तक बांधणाऱ्याला दफ्तरी म्हणतात. इतवारीतल्या एका प्रेसमध्ये मी दफ्तरी होतो, पुढे त्या खात्याचा मुख्य झालो. खाली मशिनी, वरच्या मजल्यावर आम्ही. मी, दोन कापणारे, आणि घड्या घालणाऱ्या बाया. त्यांच्यात चंद्राबाई होती. चौथी पास होती, म्हणजे माझ्यापेक्षा तीन इयत्ता पुढे, आणि हे ती मला विसरू देत नसे. मालकांना सगळे भैयाजी म्हणत. माणूस चांगला, पण सरकारकडून कागद आला की त्यांचा चहा तसाच राहायचा.

धंदा समजून घ्या, म्हणजे पुढचं समजेल. छापायचा कागद मोठा असतो. त्याच्या एका अंगाला आठ पानं छापतात, दुसऱ्या अंगाला आठ. तीही अशी छापतात की नवा माणूस म्हणेल यांचं डोकं फिरलं. पाचच्या शेजारी बारा, आणि अर्धी पानं डोक्यावर उभी. पण त्या कागदाला बरोबर तीन घड्या घातल्या की सोळाही पानं रांगेत येतात. याला आम्ही फर्मा म्हणतो. असे पाच-सहा फर्मे एकावर एक ठेवायचे, प्रत्येकाच्या मधल्या घडीतून सुई-दोरा न्यायचा, सगळे एकमेकांत शिवायचे, वर पुठ्ठा. झालं पुस्तक. यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. फर्म्यातलं कोणतंच पान एकटं नसतं. वाचताना तुम्हाला दोन पानं वेगळी दिसतात, पण घडीपाशी पाहिलं तर तो एकच कागद आहे. त्यातलं एक पान घडीपासून फाडलं की त्याचं जोडपान आपोआप सैल होतं. आज नाही तर उद्या गळून पडतं.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची यायची. धंतोलीचे एक म्हातारे वकील बायकोची जुनी पत्रं घेऊन आले. बाई वारून महिना झाला होता. म्हणाले, असं शिवा की उघडता येऊ नये. मी म्हटलं, साहेब, मग बांधता कायले. म्हणाले, तुम्ही शिवा. मी चारही बाजूंनी टाके घातले. सहा-सात वर्षांनी तेच वकील तीच वही घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवली. एका बाजूचे टाके उसवून दिले. कागद आतून नवाकोरा होता.

पण माझा खरा अभिमान शाळेच्या पुस्तकाचा. वकिलाचं पुस्तक कपाटात राहतं. पोराचं पुस्तक पावसात जातं, त्याच्यावर लोणचं सांडतं, भांडण झालं की ते दुसऱ्याच्या डोक्यात बसतं. म्हणून शाळेच्या पुस्तकाला मी तारेची शिलाई लागू देत नव्हतो. तार गंजते, आणि गंजली की घडी कापते. भैयाजी दर साली म्हणत, "उस्ताद, सगळे तार मारून राहिले, आपणच काहून दोरा धरून बसलो?" मी म्हणे, "तार मारायची असन तर दुसरा दफ्तरी पाहा." दुसरा दफ्तरी त्यांनी कधी पाहिला नाही.

मी प्रेसमध्ये लागलो तेव्हा नागपूर राजधानी होती. शाळेचं पुस्तक लिहिणारे इथले, तपासणारे इथले, छापणारे आम्ही. मग राज्य बदललं आणि पुस्तक पुण्या-मुंबईकडे तयार होऊन येऊ लागलं. आमच्याकडे नुसतं छापायचं आणि बांधायचं. पुढे सत्तर सालानंतर त्याच्याही वरून, दिल्लीहून, कागद येऊ लागले की साऱ्या देशाच्या पोरांनी एकसारखा इतिहास शिकावा. शिक्षण राज्याचं की दिल्लीचं, यावर पेपरात रोज भांडण. भैयाजी चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवत. मला त्याचं काही नव्हतं. कोणीही लिहिलं तरी घड्या आम्हालाच घालायच्या होत्या.

त्या ओढाताणीत एक साल असं आलं की वरच्या लोकांनी ठरवलं, इतिहासाच्या पुस्तकात प्रत्येक विभागाला आपल्या भागाचं एक पान द्यावं. एक पान म्हणजे पुढची आणि मागची अशा दोन बाजू. आमच्या विभागाचं पान श्यामराव मास्तरांनी लिहिलं.

मास्तर रामटेकच्या पलीकडे, जंगलाच्या काठावरच्या एका गावात शिकवायचे. अंगाने काटकुळे. सायकलच्या दांड्याला छत्री बांधलेली, मागे वह्यांची थैली. सात वर्षं हा माणूस सुट्टीच्या दिवशी त्या सायकलवर गावोगाव फिरला. कशासाठी, तर मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी आपल्याकडे काय झालं ते म्हाताऱ्या माणसांना विचारायला. मीठ सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्याकडे समुद्र कुठला? जंगल होतं, आणि जंगलातलं गवत कापायलाही सरकारची बंदी होती. म्हणून इथले लोक विळे घेऊन जंगलात शिरले आणि गवत कापलं. लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. एका माणसाने सांगितलं म्हणून मास्तर लिहून घेत नसत. तीच गोष्ट दुसऱ्या गावच्या माणसाने आपल्या मनाने सांगितली, तर मग वहीत. मग तुरुंगाच्या जुन्या दाखल्याशी ताडून पाहणं. त्यासाठी नागपूरच्या कचेरीत दहा चकरा. शिकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. इतकं जपून लिहिणारा एकच पाहिला.

ते प्रेसमध्ये आले ते भैयाजींकडे न थांबता सरळ वर माझ्याकडे आले.

"गणपतराव तुम्हीच?"

"हो जी."

"या पानावर अकरा बायांची नावं आहेत. सात वर्षांत एवढीच पक्की झाली. यांच्यातलं एकही नाव आजपर्यंत कुठं छापलेलं नाही, आणि पुढं कोणी छापीन असं मले वाटत नाही. तर एक इचारतो. पान पडणार तर नाही ना?"

तीस वर्षांत मला लेखकाने असा प्रश्न विचारला नव्हता. त्यांना आपलं नाव कसं छापलं याची काळजी असते. मी म्हटलं, "मास्तर, माह्या हातचं पान पडत नाही. जबान देतो."

आणि दुसऱ्याच दिवशी आदेश आला. विभागाचं पान सुटं छापावं आणि पुस्तकाच्या शेवटी चिकटवावं. कारण सरळ होतं. मूळ पुस्तक साऱ्या राज्यात एकच, ज्याचं त्याचं पान मागे डकवलं की झालं.

चिकटवलेल्या पानाचा मला पहिल्यापासून राग. मैद्याची खळ असते, कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. तरी आमच्या मे महिन्यात ती वाळून तडकते, आणि पावसात झुरळं तिच्यावर जेवायला येतात. पोराने एकदा ओढलं की पान हातात. चिकटवलेलं पान म्हणजे ओसरीवर बसवलेला पाहुणा. घरात घेतला नाही, कधी उठून गेला कोणाला समजत नाही. आणि मी तर जबान देऊन बसलो होतो.

मी मूळ पुस्तक उलगडून पाहिलं. शेवटी एक पान कोरं जात होतं, दोन्ही बाजूंनी. म्हणजे मधे एक पान घुसवून पुढची सगळी पानं एकेक घर सरकवली, तर तेवढ्याच कागदात बसत होतं. आता घुसवायचं कुठे? तिसऱ्या फर्म्याच्या बरोबर मधे, चाळीसाव्या पानावर एक धडा संपत होता. मधल्या घडीच्या पानाला दोरा सगळ्यात घट्ट धरतो, कारण तो त्याच्याच पाठीवरून जातो. मी चंद्राबाईला हाक मारली.

"चंद्राबाई, हा चाळीसपर्यंतचा धडा कायचा हाये वं?"

"मिठाच्या सत्याग्रहाचा."

"अन् मास्तरचं पान?"

"गवताच्या सत्याग्रहाचं. गणपतदादा, एवढं तरी वाचत जा ना गा कधी. अक्षरं चावत नाही."

"मंग जमलं," मी म्हटलं. "एकाच घराचे हायेत. एका कागदावर घेऊ."

खालच्या मशीनवाल्याला मी पटवलं. भैयाजींना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते नाही म्हणाले असते. अशा रीतीने एकोणचाळीस-चाळीसवर मीठ आणि एक्केचाळीस-बेचाळीसवर गवत, असा एकच कागद फर्म्याच्या पोटात बसला. पुस्तक मधे उघडलं की डावीकडे मीठ, उजवीकडे गवत, आणि मधे माझा पांढरा दोरा. फार देखणं दिसत होतं. मी आकड्यांकडे पाहून खूश होतो. मजकूर वाचलाच नव्हता.

शिलाई संपत आली, मे महिना संपत आला, आणि दुसरा कागद आला. दिल्लीचा नवा आराखडा आला आहे, आता राज्यभर एकच पुस्तक, विभागाची पानं रद्द, चिकटवली असतील तर काढून टाकावीत. बाकीच्या विभागांत एका दिवसाचं काम. ओल्या फडक्याने खळ भिजवली, पान ओढलं, झालं.

भैयाजी वर आले. हातात कागद, कपाळावर घाम.

"उस्ताद, ते मागचं पान काढून घ्या."

"मागं नाही ते."

"मंग कुठी हाये?"

मी पुस्तक मधे उघडून दाखवलं. त्यांनी दोरा नखाने ओढून पाहिला. "तुमाले चिकटवाले सांगतलं होतं. शिवलं काहून? कोणाले इचारून?"

"चिकटवलं असतं तर पडलं असतं."

"अरे बाप्पा, आता पाडाचंच तर हाये त्याले."

चंद्राबाईने तोंडाला पदर लावला. मला मात्र तेव्हा हसू आलं नाही. खोलीभर शिवलेले गठ्ठे पडले होते. सरकारचं काम हातचं गेलं तर खालच्या-वरच्या सगळ्यांच्या पोटावर पाय होता, आणि तो मी दिला होता.

भैयाजींनी पुण्याला कळवलं. तिकडून आगाशे साहेब आले. पाठ्यपुस्तकांचे अधिकारी. उंच, सावकाश बोलणारे. नागपूरच्या उन्हाने बेजार झालेले, पण कॉलरचं बटण काही काढलं नाही. भैयाजींच्या खोलीत खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या टट्टीवर पाणी मारून त्यांना बसवलं. श्यामराव मास्तरांना कोणी सांगितलं माहीत नाही, तेही सायकलने येऊन दारात उभे. मलाही बोलावणं आलं.

मला वाटलं होतं साहेब आरडाओरड करतील. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली आणि म्हणाले, "तुमचं पान मी तीनदा वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे करावासा वाटला नाही. पण मला राज्याचं पुस्तक चालवायचं आहे. माझ्या नोकरीत पाच बदल्या झाल्या. माझी मुलगी पाच गावांत शिकली. प्रत्येक गावाचा इतिहास वेगळा असता तर ती नापास झाली असती. आणि दुसरं. तुमच्यासारखा मास्तर प्रत्येक विभागात नाही. एका विभागाच्या पानात एका घराण्याची नुसती स्तुती आहे. चौकशी केली तेव्हा कळलं, ते घराणं म्हणजे लिहिणाऱ्याचं सासर. हे मी कसं आवरू? एकच पुस्तक असलं तर निदान एकाच ठिकाणी तपासता येतं."

मास्तर मग म्हणाले, "साहेब, तुमचं खोटं नाही. एक पुस्तक असावं, मलेही वाटते. पण माह्या वर्गातल्या लेकरायनं समुद्र पाहिला नाही. मी मिठाचा धडा शिकवतो तेव्हा एक पोरगी दरसाली इचारते. पोरगी वेगळी राह्यते, प्रश्न एकच. गुरुजी, तेव्हा आपले लोक काय करत होते? मी काय सांगू तिले? झोपले होते म्हणू? तिची आजी तुरुंगात होती."

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "दफ्तरी, पान काढून दाखवा."

मी सुरी घेतली. पुस्तक मधे उघडलं आणि एक्केचाळीसचं पान अगदी घडीला लावून कापलं. मग पुस्तक उभं धरून एकदा झटकलं. मिठाचं पान गळून साहेबांच्या बुटापाशी पडलं.

"हे असं होते साहेब," मी म्हटलं. "जोडपान हाये. गवत काढलं का मीठ जाते."

मास्तरांचा चेहरा उजळला. भैयाजींनीही घाम पुसला. साहेबांनी वाकून पान उचललं, उलटून पाहिलं, घडीची कडा बोटाने चाचपली. मग शांतपणे विचारलं, "आणि घडीपाशी बोटभर कागद सोडून कापलं तर?"

मी चमकलो. हे दफ्तऱ्याशिवाय कोणाला सुचत नाही. बोटभर कागद सोडून कापायचं, त्या सोडलेल्या पट्टीला आम्ही कान म्हणतो. कान दोऱ्यात अडकलेला राहतो, म्हणून जोडपान पडत नाही. मला हे माहीत होतं. दहा वेळा केलं होतं. मघाशी मी मुद्दाम घडीला लावून कापलं होतं.

मास्तर माझ्याकडे पाहत होते. नुसतं "तरीही पडते" म्हटलं असतं तर काम झालं असतं. कोण तपासणार होतं? पण माझ्या कामाबद्दल मी कधी खोटं बोललो नव्हतो, आणि या माणसाने तर बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

"टिकते साहेब," मी म्हटलं. "कान ठेवला तर टिकते."

मास्तरांनी मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मला आजही दिसते.

"किती टिकतं?" साहेबांनी विचारलं.

"पोराच्या हातात एक साल. दुसऱ्या पावसात कान फाटते, मंग मीठ जातेच."

"बरं. तुम्ही आदेश मोडून हे शिवलंत. पान वाचलं होतंत?"

"नाही साहेब."

"मग कशासाठी शिवलंत?"

"मास्तरले जबान दिली होती. पान पडणार नाही म्हणून."

साहेबांनी टेबलावरचं दुसरं पुस्तक घेतलं, मधे उघडलं आणि ती अकरा नावं हळूहळू मोठ्याने वाचली. पुण्याच्या त्या स्वच्छ वाणीत आमच्याकडची नावं. सीता, जनी, भागरता. सातव्या नावाला दारातून आवाज आला.

"ते माही मावशी, जी."

चंद्राबाई. नमुन्याचा गठ्ठा द्यायच्या निमित्ताने केव्हाची दारात उभी होती. इतके दिवस त्या पानाला घड्या घातल्या, पण मला एका शब्दाने बोलली नव्हती.

साहेब म्हणाले, "तुमची मावशी? यात लिहिलंय की त्यांनी शिपायाला विळा द्यायला नकार दिला."

"नाहीच देल्ला. तुरुंगातून आली तं पयले तोच विळा मागतला तिनं. विळा हरवला होता. मरेपर्यंत सरकारले शिव्या देत राह्यली. तुरुंगाचं काही नाही म्हणे, विळा चांगल्या पोलादाचा होता."

साहेब हसले. त्या दिवसात पहिल्यांदा. मग कागद ओढला आणि लिहिलं, आणि लिहिता लिहिता आम्हाला वाचून दाखवलं. शालेय पुस्तक किमान चार वर्षं टिकावं असा नियम आहे. सदर पान काढल्यास पुस्तक एक वर्षाहून अधिक टिकणार नाही, असं बांधणी करणाऱ्यांचं प्रामाणिक मत आहे. सबब नागपूर विभागाच्या यंदाच्या प्रती आहेत तशा वाटाव्यात.

टोपण लावून म्हणाले, "मास्तर, पुढच्या वर्षी एकच पुस्तक येईल. त्यात हे पान नसेल. ते माझ्या हातात नाही, आणि असतं तरी मी एकच पुस्तक म्हटलं असतं."

मास्तर म्हणाले, "साहेब, आमच्याकडे पुस्तक एक साल नसते. मोठीचं धाकटीकडे जाते, धाकटीचं शेजारी."

"तेही मला माहीत आहे," साहेब म्हणाले, आणि पाणी मागितलं.

असा अधिकारी मी पुन्हा पाहिला नाही. आपलं मत तसूभर सोडलं नाही, आणि दुसऱ्याचं पान फाडलंही नाही. जाताना मला म्हणाले, "माझे वडील दफ्तरी होते." एवढंच. कान त्यांना कुठून माहीत, ते मला तेव्हा समजलं.

पुढच्या साली एकच पुस्तक आलं. साऱ्या राज्याचं, एका मापाचं. छपाई सुरेख होती, हे मान्य करतो. गवताचं पान नव्हतं. नंतर शाळेच्या पुस्तकाला तारेची शिलाई आली, आणि मी ते काम सोडून कायद्याच्या पुस्तकांकडे वळलो.

एक गोष्ट मनाला लागून आहे, तीही लिहितो. दोन-तीन वर्षांनी मास्तर बर्डीच्या बाजारात भेटले. सायकल तीच. म्हणाले, "गणपतराव, आता तरी वाचलं का माझं पान?" मी म्हटलं, "वाचलं ना मास्तर. एकदम झकास." नव्हतं वाचलं. सुरुवात केली होती, चार ओळींनी डोळे दमले, ठेवून दिलं होतं. साहेबापुढे खरं बोललो, आणि ज्या माणसाची सगळ्यात जास्त इज्जत होती त्याच्यापुढे खोटं बोललो. त्यांना फार आनंद झाला. त्यानंतर ते भेटले नाहीत. दोन पावसाळ्यांनी गेल्याचं कळलं.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. प्रेस सुटलं होतं, घराच्या पडवीतच मी किरकोळ बांधणी करायचो. एक दिवस एक तरुण बाई आली. रामटेककडच्या शाळेत नवीन मास्तरीण लागली होती. पिशवीतून तिने कागदाचं एक बाड काढलं. पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत, शेवटची नाहीत. पाच भावंडांच्या आणि शेजारपाजारच्या हातून गेलेलं पुस्तक. त्यातला फक्त एक फर्मा उरला होता. कडा पिठासारख्या झालेल्या, तेलाचे डाग, कोणीतरी निळ्या शाईने मिशा काढलेल्या. मी गाठ पाहिली. माझीच होती. मधे उघडलं. डावीकडे मीठ, उजवीकडे गवत, दोरा मधे, काळा पडलेला, पण धरून असलेला.

"एवढंच बांधून द्या काका," ती म्हणाली. "मले वर्गात लागते."

"एवढ्याचं काय करशील, बाई? बाकीचं पुस्तक कुठं आहे?"

"बाकीचं सगळं नव्या पुस्तकात आहे. हे नाही."

मी तिला उद्या ये म्हटलं. काम अर्ध्या घंट्याचं होतं. पुठ्ठा कापला, कापड चढवलं, खळ लावली, वर दगड ठेवला. खळ वाळल्यावर पुस्तक उघडून खिडकीपाशी बसलो. एक्केचाळिसाव्या पानाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. एकेक अक्षर जोडत जायचं, मागचं विसरलं की पुन्हा वरून. ती दुसऱ्या दिवशी आली, तिला परत पाठवलं. तिसऱ्या दिवशीही पाठवलं. अकरावं नाव चौथ्या दिवशी दुपारी आलं. त्याच्या खाली दोन ओळी होत्या, त्याही वाचल्या.

ती संध्याकाळी आली. जरा रागातच होती. "काका, एवढ्याशा कामाले चार दिवस? काय करून राहिले होते?"

पुस्तक तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "वाचून राहिलो होतो, बाई."